कागद ३०० एमचा, शाफ्ट साध्या स्टीलचा

गाडीच्या मागच्या चाकाला ताकद पोचवणारा शाफ्ट बसवताना त्याच्या अंगावर पट्टी धरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारायची, ही सवय मला एका जुन्या मेकॅनिकने लावली. शर्यतीच्या पहिल्या सरावाच्या दिवशी उभ्या गाडीतून जेमतेम चार-पाच जोरदार स्टार्ट मारून मी गाडी जॅकवर घेतली, डावं चाक काढलं, आणि पाहतो तर ती रेघ तिरकी झालेली. उजवीकडचीही तशीच. नवे कोरे शाफ्ट पिळले गेले होते आणि पिळलेलेच राहिले होते.

माझ्या गाडीत डिफरन्शियल आणि मागचं चाक यांच्यामध्ये शाफ्ट आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना रबरी कपलिंग. १९६२ साली आलेल्या लोटस एलानमध्येही अशीच रबरी डोनट होती. रबर झटका पितं, सस्पेंशन वरखाली झालं की वाकतं, लांबीतला थोडा फरकही सांभाळून घेतं. पण इंजिनची ताकद वाढवली, जास्त पकड असलेले टायर घातले, की क्लच सोडताना रबर आधी पीळ खातं आणि मग तो उलटा सोडतं. गाडी गचके देत निघते. म्हणून मी दोन जाड शाफ्ट आणि चार कडक रबराची कपलिंग मागवली.

विकणारा बोलायला जाणकार वाटला. स्टील ३०० एम, म्हणजे खूप मजबूत मिश्र पोलाद, पूर्ण हीट ट्रीटमेंट केलेलं (तापवून-थंड करून कडक केलेलं), सोबत टेस्ट सर्टिफिकेट. हीट ट्रीटमेंट ऑर्डरप्रमाणे होते म्हणून सगळे पैसे आधी, असं त्याने सांगितलं आणि मी ते दिले. माल आला तो दिसायला देखणा होता. काळं फिनिश, तेल लावलेले स्प्लाइन (टोकावरचे दाते), प्रत्येक शाफ्ट वेगळ्या पाकिटात. सर्टिफिकेटवर रसायनाचे आकडे बरोबर ३०० एमचेच होते. मी तेवढंच वाचलं.

रेघ तिरकी झाल्यावर तोच कागद नीट वाचला. त्यावरच्या हीट नंबरचा, म्हणजे स्टील ज्या घाण्यातून ओतलं त्याच्या क्रमांकाचा, मागमूसही शाफ्टवर नव्हता. ते सर्टिफिकेट कच्च्या बारचं होतं, हीट ट्रीटमेंटबद्दल त्यात एक शब्द नव्हता. आणि बारचा व्यास माझ्या शाफ्टपेक्षा कमी! बारीक बारमधून जाड शाफ्ट लेथवर कसा निघेल? हे मला माल हातात आला त्याच दिवशी दिसायला हवं होतं.

मग हार्डनेस, म्हणजे स्टीलचा कडकपणा, तपासून घेतला. हीट ट्रीटमेंट केलेला ३०० एम रॉकवेल सी मापावर पन्नाशीच्या पुढे असतो. माझे दोन्ही शाफ्ट विसापर्यंतही पोचले नाहीत. साधं कार्बन स्टील, वर काळा मुलामा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण भले भले इथे फसतात. एकाच मापाचे दोन शाफ्ट, एक मऊ आणि एक कडक, सारख्या जोराखाली सुरुवातीला जवळजवळ सारखेच पिळतात, कारण स्टीलचा ताठपणा हीट ट्रीटमेंटने फारसा बदलत नाही. फरक पडतो तो परत येण्यात. कडक शाफ्ट जोर गेला की पूर्ववत होतो, मऊ शाफ्ट एका मर्यादेनंतर तसाच राहतो. त्यामुळे हातात घेऊन, वजन करून, गाडी दोन फेऱ्या फिरवून काहीही कळत नाही. कानस मात्र सांगते. स्प्लाइन सोडून एखाद्या कोपऱ्यावर कानस मारा; कडक स्टीलवर ती घसरते किंवा जेमतेम चावते, माझ्या शाफ्टवर तिने सरळ कीस काढला.

कपलिंगची तऱ्हा याहून वाईट. अशा डोनटभोवती येताना एक पोलादी पट्टी आवळलेली असते. रबर दाबात चांगलं टिकतं, ताणात लवकर फाटतं, म्हणून ते दाबूनच बसवायचं, सगळे बोल्ट आवळायचे आणि मगच पट्टी कापायची. माझ्या डोनटवरची पट्टी बोटाने गोल फिरत होती. पट्टी काढूनही बोल्टची भोकं आरामात जुळली, आणि मी बसवताना उलट खूश झालो की काम सोपं झालं! सरावानंतर एका डोनटमध्ये धातूच्या बुशपासून (बोल्ट जातो त्या नळीपासून) रबर सुटलं होतं. चांगल्या जोडात रबर फाटलं तरी धातूला थोडं चिकटून राहतं. इथे बुश आरशासारखं स्वच्छ होतं.

पुढच्या फेरीत ते पूर्ण सुटलं असतं तर मोकळा शाफ्ट वेगात गरगरत ब्रेकच्या पाइपवर आपटला असता. हा विचार करून मी त्या रात्री झोपलो नाही. आता दोन्ही बाजूंना शाफ्टभोवती पोलादी कडी बसवली आहे. ती मी आधीच बसवायला हवी होती.

विकणाऱ्याला फोटो आणि हार्डनेसचे आकडे पाठवले. आधी म्हणाला, तुम्ही क्लच जोरात सोडला असेल. मग म्हणाला, रेसिंगच्या मालाला वॉरंटी नसते. हे एरवी बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणूनच त्याची ढाल करता येते. पण शाफ्ट का गेला हा माझा प्रश्नच नव्हता, जे स्टील विकलं ते दिलं का हा होता. त्याला उत्तर आलं नाही, पैसेही आले नाहीत.

दुसऱ्यांदा घेताना अर्धे पैसे हार्डनेस तपासल्यावर, असं लेखी ठरवून घेतलं. चांगल्या कारागिराने त्याला एका शब्दात होकार दिला, आणि शाफ्टवर हीट नंबर त्यानेच कोरून दिला.

जुने दोन शाफ्ट कोणी मागितले तर द्यायचे नव्हते, भंगारातून ते पुन्हा कुणाच्या तरी गाडीत जातील ही धास्ती होती. म्हणून मधोमध कापले. साधी हॅकसॉ, एकच ब्लेड, आणि दोन्ही कापून झाल्यावरही ब्लेडचे दात शाबूत होते.