ब्लॅक मॅक्सवर दोरा किती भरायचा? कडेच्या ३ मिलिमीटर आत थांबा

ॲबू गार्सियाच्या ब्लॅक मॅक्स ३ या मासेमारीच्या बेटकास्टिंग रीलबद्दल (यात दोऱ्याचं चाक, म्हणजे स्पूल, फेकताना स्वतः फिरतं) सातारा-सांगलीकडे पहिली तक्रार ठरलेली असते : "गुंता लई होतो." त्यातला थोडा दोष ब्रेकचा, थोडा हाताचा. उरलेला सगळा स्पूलवर भरलेल्या दोऱ्याचा. म्हणून या रीलचं परीक्षण दोऱ्यापासूनच सुरू करावं लागतं.

आधी यंत्र. ग्राफाइटची एकसंध चौकट, ॲल्युमिनियमचा स्पूल, गिअर ६.४ ला १ (हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या ६.४ फेऱ्या), चुंबकी ब्रेक. कंपनीनं सांगितलेली क्षमता : १२ पौंडी (तेवढा ताण सोसणारा) मोनो तंगूस, म्हणजे एकेरी नायलॉनचा दोरा, १४५ यार्ड, म्हणजे साधारण १३२ मीटर. पहिलं बेटकास्टिंग म्हणून घ्यायला हे रील चांगलं आहे. १० ते २० ग्रॅमचा रबरी बेडूक किंवा चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) यावरून छान जातो. ४-५ ग्रॅमची हलकी आमिषं फेकायची असतील तर साधं स्पिनिंग रीलच घ्या. इथं पैसे घालून डोकेदुखी विकत घेऊ नका.

आता क्षमतेचा आकडा. १२ पौंडी तंगूस जाडीला ०.३५ मिमीच्या आसपास असतो, पण बाजारात ज्याच्या त्याच्या पाकिटावर पौंड वेगळे आणि जाडी वेगळी. त्यामुळे पौंड विसरा, मिलिमीटर बघा. जाडी बदलली की मावणारी लांबी जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ०.३५ ला १३२ मीटर धरले तर ०.४० मिमीचा दोरा सुमारे १०० मीटर बसतो, ०.४५ चा ८० आणि ०.५० चा जेमतेम ६५. म्हणजे ०.४० ची १०० मीटरची गुंडी या स्पूलवर जवळपास नेमकी बसते. ०.३५ ची तेवढीच गुंडी ३० मीटर कमी पडते आणि स्पूल अर्धपोटी राहतो.

हिशेब काहीही सांगो, शेवटचा निर्णय डोळ्यानं घ्यायचा. दोरा स्पूलच्या कडेपासून ३ मिमी खाली आला की थांबायचं. कंपनीचा आकडा गाठायलाच हवा असं काही नाही.

कडेपर्यंत ठासून भरलं की काय होतं? स्पूल जड होतो. जड स्पूल फेकीच्या सुरुवातीला उशिरा फिरू लागतो आणि आमिष मंदावलं तरी फिरतच राहतो. मागून येणारा दोरा पुढच्याला गाठतो, तोच गुंता. वरचे वेढे सैल पडून चौकटीला घासतात ते वेगळंच. उलट, अर्धवट भरलेल्या स्पूलवर वेढ्यांचा व्यास लहान होतो. तेवढीच लांबी सोडायला स्पूलला जास्त फेऱ्या माराव्या लागतात आणि फेक तोकडी पडते. ओढतानाही तोटा : वेढ्यांचा व्यास ३३ मिमी असेल तर हँडलच्या एका फेरीत सुमारे ६६ सेमी दोरा येतो, २७ मिमीवर उतरला तर ५४. बेडूक पाण्यावर पटपट पळवायचा असेल तर हा फरक हाताला लगेच कळतो.

ड्रॅगचा, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरा सुटू देणाऱ्या यंत्रणेचा, मुद्दा मात्र फार जण धरतच नाहीत. ड्रॅगची वॉशर स्पूलला जेवढ्या जोरानं धरते तो जोर तोच राहतो, पण दोरा जसजसा संपतो तसा व्यास कमी होतो आणि दोऱ्यावरचा ताण वाढतो. भरल्या स्पूलवर ताणकाट्यानं १.५ किलोला लावलेला ड्रॅग, व्यास दोन तृतीयांश झाल्यावर सव्वादोन किलोला सुटतो. धोम किंवा कण्हेर धरणाच्या उघड्या पाण्यात मोठा कटला ५०-६० मीटर पळाला की तंगूस तुटतो तो नेमका तिथं. म्हणून अशा पाण्यावर सुरुवातीलाच स्पूल पुरा भरलेला असावा आणि ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला लावावा.

सांगलीकडे प्रश्न निराळा. हरिपूरच्या संगमापाशी किंवा आयर्विन पुलाच्या वर-खाली काठाला जलपर्णी साठली की मरळ तिच्यातच बसतो. तिथं लांब पळ नसते, सगळी झुंज १५-२० मीटरच्या आत. पण झुडपातून उपसून काढायला ५० पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोरा लागतो. फेक ३०-४० मीटरची, वर झीज आणि तोडमोड धरली तरी ७० मीटर ब्रेडेड पुष्कळ. संपूर्ण स्पूल ब्रेडेडनं भरणं म्हणजे पैसा खाली गाडून ठेवणं.

म्हणून खाली तंगूस, वर ब्रेडेड. ५० पौंडी पॉवर प्रो या ब्रेडेडची जाडी ०.३६ मिमी आहे, म्हणजे वरच्या ०.३५ च्या हिशेबाला जवळजवळ तीच. ७० मीटर ब्रेडेड वर हवा असेल तर खाली सुमारे ५८ मीटर तंगूस. १०० मीटरचं पाकीट पूर्ण घालायचं असेल तर खाली २५-२७ मीटर पुरतो. १५० यार्डाचं, म्हणजे १३७ मीटरचं पाकीट इथं पूर्ण मावत नाही. दुकानात मशीनवर भरून देतात तेव्हा हीच चूक जास्त दिसते : पाकीट संपवायच्या नादात दोरा कडेला टेकतो. भरून घेतलेलं रील हातात आलं की नखानं कडेचं अंतर बघा आणि जास्तीचा दोरा तिथंच काढायला सांगा.

तंगूस खाली घालण्याचं दुसरं कारण घसरण. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर ब्रेडेड धरत नाही. बाहेरून गच्च वाटतो, पण जोर आला की सगळा गठ्ठा स्पूलभोवती गरगर फिरतो आणि लोक ड्रॅगला शिव्या घालतात. बॅकिंग (हा खालचा तंगुसाचा थर) नको असेल तर निदान तंगुसाचे ८-१० वेढे खाली घाला. तंगूस आणि ब्रेडेड जोडायला दुहेरी युनी गाठ चालते : तंगुसाचे ५ वेढे, ब्रेडेडचे ८. घट्ट करण्याआधी थुंकीनं ओली करा आणि टोकं अगदी जवळ कापा, नाहीतर लेव्हल वाइंडच्या (दोरा स्पूलवर सारखा पसरवणाऱ्या सरकत्या भागाच्या) छिद्रात गाठ अडकते.

मीटर मोजायचा कंटाळा असेल तर उलटा रस्ता आहे. आधी ब्रेडेड भरा, मग त्यावर तंगूस ३ मिमीच्या खुणेपर्यंत. आता सगळं एका रिकाम्या गुंडीवर काढा, तिथून दुसऱ्या गुंडीवर, आणि मग परत रीलवर. एकाच गुंडीवरून परत घेतलात तर ब्रेडेड पुन्हा तळाशीच जाईल.

भरताना मूळ गुंडी पेन्सिलीवर अडकवून फिरती ठेवा. जमिनीवर आडवी टाकून बाजूनं दोरा सोडवलात तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ बसतो. दोरा आधी लेव्हल वाइंडमधून ओवून मग स्पूलला गाठ. हे विसरलात तर सगळं उपसून पुन्हा. सुती फडकं ओलं करून दोन बोटांत धरा आणि दोरा त्यातून ताणून घ्या. ब्रेडेडला इथं कंजूषपणा करू नका. सैल भरलेला ब्रेडेड पहिल्या मोठ्या माशाला खालच्या वेढ्यांत रुततो, पुढच्या फेकीला स्पूल मध्येच अडतो आणि बेडूक तुटून एकटाच पैलतीरी जातो.

नवा दोरा भरला की जुनी सेटिंग चालत नाही. आमिष लटकवून स्पूल मोकळा करणारं बटण दाबा. ते सावकाश खाली यावं आणि टेकताच स्पूल थांबावा, इतपत बाजूची चकती आवळा. चुंबकी ब्रेक आधी ७-८ वर, मग फेक सरळ जाऊ लागली की एकेक आकडा खाली. ब्रेडेड पाणी पितो. पहिल्या पाच-सहा फेकींनंतर तो ओला होऊन जड झाला की ब्रेक एखादा आकडा वाढवा.

धरणांच्या काठचा काळा खडक ब्रेडेडला सुरीसारखा कापतो. तिकडे पुढं मीटर-दीड मीटर ०.५० चा तंगूस लीडर (आमिषाआधीचा तुकडा) म्हणून जोडा. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा बराच काठ अभयारण्यात येतो आणि इतर तलाव अनेकदा ठेक्यानं दिलेले असतात, तेव्हा परवानगीची पावती आधी.

तुटून, कापून दोरा कडेपासून ५-६ मिमी खाली उतरला की भर घालायची वेळ झाली. तेव्हा ब्रेडेड फेकू नका. टोकं उलटवून पुन्हा भरा, आतला न वापरलेला भाग वर येतो. तंगूस मात्र उन्हानं आणि वेढ्यांच्या वळणानं कडक होतो. वरचे ५० मीटर दर हंगामाला बदला, खालचा तसाच राहू द्या.