प्रतिबिंब घालवणारी फिल्म आणि स्टिअरिंगशेजारचं छोटं चाक

गाडीच्या समोरच्या काचेला आतून एक पारदर्शक फिल्म लावली की रात्री डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत दिसत नाही, असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर पैसे काढण्याआधी हे वाचा. ती फिल्म माझ्या गळ्यात मारली गेली. लावल्यावर प्रतिबिंब खरोखर कमी झालं, म्हणूनच फसवणूक लक्षात यायला वेळ लागला. फिल्म बिनकामाची होती. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने, आणि ती गाडीत पहिल्यापासून होती, फुकट.

आधी त्रास काय होता ते सांगते. नवी गाडी, मोठी स्क्रीन, डिजिटल मीटर आणि डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या अँबियंट लाइटची पट्टी. शोरूममध्ये ती पट्टी फार देखणी वाटते. (गाडीत बसणाऱ्याला रात्री बाहेर बघायचं असतं, हे डिझाइन करणारे हल्ली विसरले आहेत, असं माझं मत.) रस्त्यावरचे दिवे संपले की ती निळी रेघ समोरच्या काचेत, बरोबर रस्त्याच्या कडेवर तरंगायची. माझ्या बाजूच्या खिडकीत स्क्रीनवरचा नकाशा उमटायचा, तोही नेमका बाहेरच्या आरशावर. कडेने चालणारा माणूस त्या रेघेमागे गेला की क्षणभर दिसेनासा व्हायचा. हा नुसता वैताग नाही, धोका आहे.

दिवसा हे का जाणवत नाही? साध्या काचेवर प्रकाश सरळ पडला तर प्रत्येक पृष्ठभागावरून त्यातला साधारण ४ टक्के परत फिरतो. समोरची काच तिरपी असते. प्रकाश काचेच्या लंबापासून ६० अंशांच्या आसपास तिरका पडला तर हेच प्रमाण ९ टक्क्यांच्या घरात जातं, आणि काचेला पृष्ठभाग दोन, आतला आणि बाहेरचा. दुपारच्या उन्हात बाहेरचं दृश्य इतकं उजळ असतं की स्क्रीनच्या या परत फिरलेल्या प्रकाशाचा मागमूसही लागत नाही. अंधाऱ्या रस्त्यावर मात्र बाहेरून येणारा प्रकाश इतका थोडा असतो की स्क्रीनचा दहावा हिस्साही त्याच्यावर मात करतो. काच तीच, प्रतिबिंबही तेच. फक्त त्याला झाकून टाकणारा उजेड बाहेर उरलेला नसतो.

हे सगळं मी नंतर वाचलं. ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले तेव्हा मला फक्त उपाय हवा होता.

दुकानदार बोलण्यात पटाईत. सुरुवातच त्याने माझ्या चष्म्यापासून केली. "मॅडम, तुमच्या चष्म्यावर ही हिरवट झाक दिसते ना? अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग. आमची फिल्म म्हणजे तेच, फक्त गाडीच्या मापाचं." मग त्याने हाताएवढा एक तुकडा काढला, मला गाडीत बसवलं, डॅशबोर्डवर पांढरा कागद ठेवला आणि तो तुकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला. काचेतलं कागदाचं प्रतिबिंब गायब! तुकडा बाजूला केला की प्रतिबिंब परत. मी तो स्वतः हातात धरूनही पाहिला. नजरबंदी नव्हती, समोर घडत होतं ते खरं होतं.

खरं होतं, पण तो तुकडा आणि काचेला लागलेली फिल्म या दोन निराळ्या वस्तू होत्या. डोळ्यांसमोर धरलेला तुकडा पोलराइझरचा, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्मचा होता. काचेवरून साधारण ५६ अंशांनी परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे ध्रुवित झालेला, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो आणि पोलराइझर योग्य कोनात धरला की तो अडवला जातो. पोलराइज्ड गॉगल घातल्यावर दुपारी डॅशबोर्डचं प्रतिबिंब विरतं ते यामुळेच. तुमच्यासमोर कुणी असा तुकडा धरला तर तो हळूहळू फिरवून बघा. एका स्थितीत प्रतिबिंब नाहीसं होत असेल आणि तिथून पाव फेरा फिरवल्यावर परत येत असेल, तर तो पोलराइझर आहे. त्यातून येणारा उजेड निम्म्याहून कमी झालेला असतो, म्हणून रात्री गाडी चालवायला तो कुठल्याच रूपात चालत नाही. शिवाय तो काम करतो डोळा आणि काच यांच्या मध्ये असताना. काचेलाच चिकटवला तर त्याच्या स्वतःच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश पुन्हा तसाच परत फिरणार.

बोलणं पटलं, मी हो म्हटलं. काम संध्याकाळी करू म्हणाला, म्हणजे "तुम्हाला फरक लगेच दिसेल". गाडी आतल्या अंधाऱ्या भागात घेतली, दिवे लावायला सांगितले, मला प्रतिबिंब दाखवलं आणि बाहेर बसायला सांगितलं. तो स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसला. "वायरिंग बघतो जरा," म्हणत एक हात स्टिअरिंगच्या बाजूला होता. मग डॅशकॅम (काचेवरचा रस्ता टिपणारा कॅमेरा) काढला, काच पुसली, फिल्म लावली. मला आत बोलावलं. निळी रेघ जवळजवळ नाही, नकाशा मंद. मी खूश होऊन पैसे दिले.

पुढे बरेच दिवस ठीक चाललं. एकच गोष्ट खटकत होती: समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटभोवती एक दुधट वलय दिसायचं. "फिल्म सेट व्हायला वेळ लागतो" असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

मग एका पावसाळी दुपारी मुलाने गाडी नेली. पावसामुळे हेडलाइट लावलेले. दिवे लागले की मीटरचा उजेड रात्रीच्या पातळीवर येतो आणि तो इतका मंद होता की त्याला वेग वाचता येईना. त्याने स्टिअरिंगच्या बाजूचं छोटं चाक फिरवून उजेड वाढवला. त्या रात्री मी गाडी घेतली तर निळी रेघ परत आपल्या जागी, नकाशा परत आरशावर. फिल्म जशीच्या तशी. मुलाला विचारलं तेव्हा चाकाचा उलगडा झाला. चाक खाली केलं की प्रतिबिंब कमी, वर केलं की जास्त.

चाक त्या दुकानातच फिरवलं गेलं, हे कशावरून? डॅशकॅमवरून. दिवे लावल्यापासून कॅमेरा काढेपर्यंतचं रेकॉर्डिंग कार्डावर शिल्लक होतं. कॅमेऱ्याला माझ्या डोळ्यांना दिसतं तेवढं दिसत नाही, पण काचेच्या खालच्या भागातली निळी रेघ त्यात स्पष्ट आहे. ती टप्प्याटप्प्याने मंद होत जाते आणि मग कॅमेरा उचलला जातो. फिल्मचा कागद तोवर सोललाही नव्हता.

हे घेऊन मी दुकानात गेले तर चोराच्या उलट्या बोंबा. आधी म्हणाला, तुम्ही उजेड वाढवला म्हणून फिल्मवर "लोड" आला. मग म्हणाला, या मॉडेलला दोन थर लागतात. मग ड्रॉवरमधून पिवळ्या काचांचा 'नाइट ड्रायव्हिंग' चष्मा काढला, जुन्या ग्राहकाला कमी किमतीत. पिवळ्या काचा येणाऱ्या प्रकाशातला काही भाग काढून टाकतात. सगळं जरा ऊबदार दिसतं आणि माणसाला वाटतं नीट दिसतंय. 'जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकात २०१९ मध्ये ड्रायव्हिंग सिम्युलेटरवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पिवळ्या काचांमुळे रात्री पादचारी ओळखण्यात काहीही फायदा दिसला नाही. उन्हाच्या चष्म्यांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश आत सोडणारी काच संध्याकाळी किंवा रात्री वाहन चालवायला योग्य नाही. हे त्याला सांगितल्यावर चष्मा परत ड्रॉवरमध्ये गेला.

आता चष्म्याच्या कोटिंगविषयी, कारण फसवणुकीचा सगळा डोलारा त्या एका खऱ्या गोष्टीवर उभा होता. परावर्तन कमी करणारा थर खरोखर असतो. झाइस या भिंगं बनवणाऱ्या जर्मन कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये तो शोधला. काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर दिला की वरून आणि खालून परत फिरणारे दोन किरण एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात आणि ४ टक्क्यांचं परावर्तन दीड टक्क्याच्याही खाली येतं. थराची जाडी त्या थरातल्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी असावी लागते, म्हणून हे काम निर्वात पेटीत होतं. फडक्याने पुसून लावायच्या बाटलीतल्या 'नॅनो' द्रवाने ही जाडी साधत नाही. त्या बाटल्यांत बहुधा पाणी न टिकू देणारं रसायन असतं. ते पावसात उपयोगी आहे, प्रतिबिंबाशी त्याचा संबंध नाही. माझी फिल्म तर साधी पॉलिएस्टरची निघाली, वरून जांभळट झाक दिलेली, चष्म्याची आठवण यावी म्हणून. पॉलिएस्टरचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप; तो जास्त तर परावर्तनही जास्त) काचेपेक्षा थोडा जास्तच असतो, म्हणजे प्रतिबिंब वाढलं तर वाढेल. आणि समजा आतून अगदी अस्सल थर लावला, तरी बाहेरच्या पृष्ठभागावरून येणारं प्रतिबिंब तसंच राहतं. आतल्या फिल्मने सगळं प्रतिबिंब जातं हा दावा इथेच मोडतो, पुढचं काही माहीत नसलं तरी चालेल.

खरखरीत, मॅट प्रकारची फिल्म त्याहून वाईट. ती प्रतिबिंब पुसत नाही, विखुरते, आणि समोरून दिवा आला की सगळी काच पांढुरकी होते. मला दिसायचं ते वलय याच जातीचं होतं. जिथे काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यावा असा नियम आहे, तिथे फिल्म लावल्यावर काच त्यात बसते का, हाही प्रश्न उरतोच. आरशामागे लेन ओळखणारा कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्यासमोर फिल्म जाऊच देऊ नका.

मग खरंच काय करायचं? ते चाक. ते स्टिअरिंगच्या डावी-उजवीकडे किंवा दिव्यांच्या दांड्यावर असतं, नव्या गाड्यांत कधी मेनूमध्ये लपवलेलं. बऱ्याच गाड्यांत ते दिवे लावल्यावरच काम करतं, म्हणून दिवसा फिरवून बघणाऱ्याला ते बिघडलंय असं वाटतं. वेग आणि धोक्याच्या खुणा वाचता येतील इतपत ठेवून बाकी खाली आणा. साब कंपनीच्या गाड्यांत पूर्वी यासाठी वेगळं बटण असे. ते दाबलं की वेगाचा काटा सोडून बाकीचं पॅनेल अंधारात जाई, आणि गरज पडली तरच एखादा दिवा उजळे. ही सोय बहुतेक कंपन्यांनी मनावर का घेतली नाही, कळत नाही.

बाकीचे चोर शोधायला गाडी सुरक्षित, अंधाऱ्या जागी उभी करा, दिवे लावा, डोळे अंधाराला सरावू द्या. (पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, पण दहा मिनिटांतही बरंच कळतं.) मग काळ्या पुठ्ठ्याने एकेक उजेड झाका आणि काचेत काय नाहीसं होतं ते बघा. माझ्याकडे अँबियंट पट्टी मेनूतून बंद झाली. स्क्रीनला 'डिस्प्ले ऑफ' होतं, नकाशाचा आवाज चालू राहतो. चार्जरच्या निळ्या ठिपक्यावर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावला. मागच्या सीटवरच्या फोनला मात्र टेप लागत नाही, तिथे बोलावंच लागतं.

दोन गोष्टी सहज सुटतात. एक, डॅशबोर्ड चमकवणारं पॉलिश. त्याच दुकानदाराने ते मला "भेट" म्हणून मारून दिलं होतं. चकचकीत डॅशबोर्ड दिवसभर काचेत दिसतो आणि रात्री पथदिव्यांखालीही. दुसरी, काचेचा आतला भाग. उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ काचेवर तेलकट थर धरते आणि प्रत्येक उजेड त्यावर पसरतो. आधी ओलसर, मग कोरड्या मायक्रोफायबरने तो पुसला की फरक स्वच्छ दिसतो. डॅशबोर्डवर काळी, बिनचमकीची मॅट टाकणार असाल तर एअरबॅगच्या झाकणावरून ती जात नाही ना, ते पाहा. इतकं करूनही समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसत असतील तर गाडीऐवजी डोळे दाखवा. मोतीबिंदूची सुरुवात अशीही जाणवते.

पैशांचं सांगायचं तर दुकानदाराने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. बिलावर त्याने 'ॲक्सेसरीज फिटिंग' एवढंच लिहिलं होतं. प्रतिबिंब जाईल हा शब्द कुठेच नाही. तुम्हाला असं काही घ्यायचंच असेल तर दावा बिलावर लिहून मागा, काचेच्या अर्ध्याच भागाला लावून दाखवा म्हणा आणि तोवर ड्रायव्हरच्या सीटवर तुम्हीच बसा. उजेडाचं चाक कुणी फिरवलं तर दोन्ही अर्धे सारखेच मंद होतील. फिल्म मी दुसरीकडे वाफ देऊन काढून घेतली. ब्लेडने खरवडू देऊ नका, कडेला चरे राहतात. तक्रार दाखल केली आहे; सोबत बिलाची प्रत आणि ते रेकॉर्डिंग जोडलं आहे. दुकानाचं म्हणणं अजून आलेलं नाही.