आठवीच्या वर्गात काय लावाल: कालपट्टी की नकाशा?

आठवीचा इतिहास आणि भूगोल एकाच शिक्षकाकडे आले, की जूनच्या पहिल्या आठवड्यात एक गोष्ट ठरवून टाकावी लागते. वर्गाला मोकळी भिंत एकच असते. एका बाजूला फळा, एका बाजूला खिडक्या, मागे गणिताची सूत्रं. उरलेल्या भिंतीवर वर्षभर जे टांगलेलं राहतं, मुलं इतिहास त्याच्याच आधारानं आठवतात. तिथं सनांची लांब पट्टी लावायची की मोठा नकाशा, याचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी दोन्ही लावून शिकवलंय. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, काहींच्या घरी उर्दू. हे आधीच सांगतो, कारण माझं मत या गावामुळंही बनलेलं असणार. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या वर्गाचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी कालपट्टी. तिची ताकद कमी लेखू नका. १७५७ प्लासी, १८१८ पेशवाईचा शेवट, १८५७, १८८५ ला काँग्रेस, १९०५ ला बंगालची फाळणी, १९२०, १९३०, १९४२, १९४७ हा सांगाडा डोळ्यांसमोर असला की मुलं गोंधळत नाहीत. परीक्षेत 'घटना कालानुक्रमे लिहा' आलं, तर कालपट्टीच्या वर्गातली मुलं हसत सोडवतात. राष्ट्रीय चळवळीचे धडे तर पट्टीवरच शिकवावेत असं मला आजही वाटतं. असहकार, सविनय कायदेभंग आणि छोडो भारत यांच्यामधलं अंतर दिसलं, की चळवळ कधी पेटते, कधी थंडावते, पुन्हा कशी उभी राहते हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सोलापूरच्या शिक्षकाला पट्टीचा आणखी एक फायदा आहे. गांधीजींना मे १९३० मध्ये अटक झाली, गाव पेटलं, काही दिवस इंग्रजांचा अंमल इथं नावालाही उरला नाही आणि १२ मे ला मार्शल लॉ लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली गेली. १२ जानेवारीला शाळेत जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती असते. पट्टीवर त्या तारखेखाली ही चार नावं लिहिलेली असली, की मुलं कार्यक्रमात स्वतःहून त्यांचाही उल्लेख करतात. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज सिटी बसनं जाणाऱ्या मुलांना ती नावं म्हणता येणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

मग नकाशाकडे वळायचं कशाला? मला पहिली शंका रेल्वे शिकवताना आली. पट्टीवर लिहिलं होतं: १८६० रेल्वे सोलापुरात, १८६३ भोर घाटातला मार्ग खुला. एका मुलीनं हात वर केला. "सर, घाटाच्या आधी गाडी सोलापूरला आलीच कशी? मुंबईहून येताना घाट आधी लागतो की." प्रश्न चोख होता आणि त्याचं उत्तर पट्टीत कुठंच नव्हतं. उत्तर जमिनीत आहे. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ लाच झाला, आणि पुढं दख्खनच्या सपाट पठारावर भीमेच्या खोऱ्यातून रूळ टाकत जाणं त्या मानानं सोपं होतं. अडलं ते सह्याद्रीच्या कड्यापाशी. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढायचं, त्यासाठी २५ बोगदे खोदायचे. तोवर घाटाखाली उतरायचं, पालखीनं, तट्टावरून किंवा बैलगाडीनं वर यायचं आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. हे फळ्यावर पठाराचा उभा छेद काढून दाखवलं, तेव्हा त्या मुलीच्या बाकावरच्या सगळ्यांनी तो न सांगता वहीत उतरवून घेतला. भूगोलाच्या तासाला हाच छेद काढायला सांगितला असता तर निम्म्यांनी टाळाटाळ केली असती.

तरी एवढ्यावरून मी पट्टी उतरवली नसती. अशा अडचणीला फळ्यावरची एक आकृती पुरते. माझ्या मनानं कौल दिला तो दुसऱ्याच गोष्टीवरून, आणि ती दरवर्षी न चुकता सलायची.

कालपट्टी १५ ऑगस्ट १९४७ ला येऊन पोचते. मुलं तिथं तिरंगा चिकटवतात. त्याच्या पुढं दोन बोटांवर एक छोटी खूण: १७ सप्टेंबर १९४८, हैदराबाद मुक्ती. आणि दरवर्षी वर्गाची समजूत एकच होते. देश स्वतंत्र झाला, मग वर्षभरानं लांब कुठंतरी, आजच्या तेलंगणात, आणखी एक घटना घडली. मी सांगायचो की अरे, ही आपल्या शेजारची गोष्ट आहे. मुलं मान डोलवायची आणि पेपरात पुन्हा 'हैदराबाद शहर' लिहून मोकळी व्हायची. ज्या वर्गात तुळजापूरचा मुलगा बसलाय, नळदुर्गहून मामाकडे शिकायला आलेली मुलगी बसलीय, त्या वर्गात हे घडायचं. तुळजापूर सोलापूरपासून पाऊण-एक तासावर. वाटेतली तामलवाडी म्हणजे आज धाराशिव जिल्हा आणि तेव्हा निजामाचा, म्हणजे हैदराबाद संस्थानाचा मुलूख. सोलापुरात १५ ऑगस्टला झेंडा लागला, त्या दिवशी तिथं परकं राज्य होतं आणि पुढं तेरा महिने राहिलं. इकडं अक्कलकोट तिसऱ्याच प्रकारचं, भोसल्यांचं संस्थान, तेही १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. एका दिवसाच्या सायकल प्रवासात ज्या तीन राजवटी ओलांडता आल्या असत्या, त्या सगळ्या पट्टीवर एकाच रेषेवर बसतात. पट्टीला रेषा एकच असते, त्यामुळं एकाच दिवशी दोन गावांत दोन राज्यं होती हे तिच्यावर दाखवायला जागाच नाही. मी वर-खाली दोन पट्ट्याही लावून पाहिल्या. मुलं वरची वाचायची, खालची सोडून द्यायची.

राष्ट्र कसं घडलं हे शिकवताना मला ही उणीव चालेना. आठवीच्या मुलाला देश एका रात्रीत तयार मिळाला असं वाटत असेल, तर संस्थानांचं विलीनीकरण, १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, तेव्हा मराठवाड्याचं मुंबई राज्यात येणं, मग १ मे १९६० हे सगळं त्याला केवळ पाठांतर उरतं. आणि आपल्याकडं तर ज्यांच्या घरांनी हे सगळं पाहिलं, अशी मुलं वर्गात हजर असतात.

नकाशा लावला तेव्हा एक काळजी मुद्दाम घेतली. बाजारात मिळणारा छापील राजकीय नकाशा नको. त्यात आजच्या राज्यांचे रंग इतके ठळक असतात की हैदराबाद म्हटलं की डोळा तेलंगणावरच जातो. मी मांजरपाटाच्या कापडावर फक्त प्राकृतिक नकाशा काढून घेतला: सह्याद्री, बालाघाटच्या रांगा, भीमा, सीना, बोरी, कृष्णा आणि मोजकी गावं. सीमा एकही नाही. सीमा येतात त्या बटर पेपरच्या मोठ्या कागदांवर, वेगवेगळ्या सालांच्या, आणि टाचण्यांनी वरून लावल्या जातात. १९४७ चा कागद लावला की सोलापूरभोवती रंग बदलतात. काढून १९५६ चा लावला की पुन्हा बदलतात. खालच्या नद्या मात्र हलत नाहीत. पहिल्यांदा १९४७ चा कागद टाचला, तेव्हा तुळजापूरच्या मुलानं जवळ येऊन आपल्या गावावर बोट ठेवलं, मग सोलापूरवर, आणि मधल्या रेषेवरून ते दोनदा फिरवलं. "म्हणजे आमचे पणजोबा बाजारला यायचे ते दुसऱ्या राज्यात यायचे?" त्यानंतर त्या वर्गात 'हैदराबाद शहर' हे उत्तर मला जवळपास दिसलंच नाही. हा काही शास्त्रशुद्ध पुरावा नव्हे, वर्गही दरवर्षी वेगळा असतो. पण फरक जाणवण्याइतका होता.

याच नकाशावर सप्टेंबर १९४८ ची हैदराबादवरची लष्करी कारवाईही उलगडते. जनरल चौधरींच्या नेतृत्वाखालची मुख्य फौज सोलापूरहूनच निघाली. इथूनच का, हे मुलांना शोधायला लावा. सोलापूरपर्यंत रेल्वे आहे, पुढं हैदराबादपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर पठारच, घाट नाही. मग अडथळा कोणता? नद्या, त्यातही पावसाळ्याचे दिवस. म्हणून १३ तारखेला पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळ बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेणं इतकं महत्त्वाचं होतं. नळदुर्गचा किल्ला पाहिलेली मुलं पाच-सात तरी निघतात. ती हा भाग स्वतःच शिकवतात.

वसाहतकाळाचं अर्थकारणही नकाशावर अधिक चांगलं बसतं असं मला वाटतं. पुस्तकांच्या रचनेत मृदा सातवीत, उद्योग आठवीत आणि इंग्रजांची धोरणं इतिहासात, असे तुकडे पडतात. नकाशावर ते एकत्र येतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडं साडेपाच-सहाशे, कारण आपण पर्जन्यछायेत. बेसॉल्ट झिजून झालेली काळी रेगूर, ओल धरून ठेवणारी, म्हणून रब्बीची ज्वारी आणि बार्शीच्या पेठेत येणारा कापूस. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध, कापसाचे भाव चढले, युद्ध संपताच कोसळले, शेतकरी सावकाराच्या हाती सापडला. १८७५ ला पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे झाले, १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि तो सोलापूरलाही लागू झाला. मधे १८७६ ते ७८ चा दुष्काळ. त्याच काळात, १८७७ ला, आपली 'जुनी गिरणी', म्हणजे सोलापूरची कापड गिरणी, सुरू झाली. रूळ, कापूस आणि पोटासाठी गाव सोडून निघालेली माणसं या तिन्हींवर बोट ठेवून 'गिरणी कुठं काढाल?' असं विचारलं, तर बहुतेक मुलं सोलापूरवरच येतात. पुढं तेलंगणातून विणकर कुटुंबं इथं आली, हे पद्मशाली घरांतली मुलं आपणहून सांगतात. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ला अडीच फुटी रुळांवर का धावली, हा प्रश्नही इथं ओघानं येतो.

प्रमाणवेळेच्या धड्यालाही नकाशाची मदत होते. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरची, सोलापूर साधारण ७५°५४' वर. अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे सव्वीस मिनिटं मागं. पटांगणात काठी रोवली तर सर्वांत आखूड सावली ऋतूप्रमाणं साधारण बारा-दहा ते बारा-चाळीसच्या दरम्यान पडते. गावोगावची वेगळी वेळ रेल्वेच्या वेळापत्रकाला परवडेना आणि १९०६ मध्ये एकच वेळ ठरली, हे मग लक्षात राहतं.

नकाशाच्या बाजूनं इतकं लिहिल्यावर त्याचे तोटे सांगणं भाग आहे. सामाजिक सुधारणेच्या धड्यांत तो मुका होतो. फुले, रानडे, पंडिता रमाबाई यांचं काम नकाशावर टिंबं देऊन समजत नाही, तिथं माणसाची गोष्टच सांगावी लागते. शेवटच्या बाकावरून बारीक गावं दिसत नाहीत. कागद बदलण्यात पस्तीस मिनिटांच्या तासातली पाच-सात मिनिटं जातात, आणि पोर्शन मागं पडला की मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागतं. पट्टी एका सुट्टीत तयार होते, नकाशाला दिवाळीपर्यंतचा वेळ धरा. शिष्यवृत्ती किंवा स्पर्धा परीक्षांवर भर असलेला वर्ग असेल, किंवा इतिहास आणि भूगोल दोन वेगळ्या शिक्षकांकडे असतील, तर कालपट्टी लावा, त्यात काहीच गैर नाही.

पण दोन्ही विषय तुमच्याकडेच असतील आणि शाळा सोलापूर, धाराशिव, लातूर अशा जुन्या सीमांच्या पट्ट्यात असेल, तर माझा कल उघड आहे. मोठी भिंत नकाशाला द्या. पट्टी फळ्याच्या वरच्या अरुंद जागेत बसते, चळवळीच्या धड्यांना तेवढी पुरते.

कागद मात्र सालांच्या क्रमानं करू नका. १८१८ चा पहिला कराल तर मुलांना त्यात आपलं काही सापडत नाही. सुरुवात १९४७ च्या कागदानं करा आणि तो मुलांकडूनच रंगवून घ्या. आदल्या दिवशी घरी एकच प्रश्न विचारून यायला सांगा: आपलं मूळ गाव कुठलं, आणि तेव्हा तिथं राज्य कुणाचं होतं? इंडी, तुळजापूर, अक्कलकोट, करीमनगर अशी उत्तरं येतात. कुणाची आज्जी वडिलांकडून ऐकलेली रझाकारांची हकीकत सांगून पाठवते. त्याला अर्धा तास मोकळा ठेवा आणि त्या दिवशी दुसरा कुठलाही धडा काढू नका.