स्टोनहेंज: दिवसाची बस घ्यावी की संध्याकाळची?

लंडनला निघालेल्या ओळखीच्यांपैकी निदान एक जण तरी हे विचारतोच. स्टोनहेंज, म्हणजे इंग्लंडमधलं ते प्राचीन दगडी वर्तुळ, आयुष्यात एकदाच होणार आहे, तर नेहमीची दिवसाची टूर घ्यावी, की ती महाग संध्याकाळची? दिवसाच्या टूरमध्ये स्टोनहेंजला जोडून बाथ शहर असतं, कधीकधी त्यात विंडसरचा किल्लाही कोंबलेला असतो. संध्याकाळची बस दुपारी लंडनहून निघते, विल्टशर परगण्यातल्या लेकॉक नावाच्या जुन्या गावात थांबते, तिथल्या पबमध्ये जेवण होतं आणि शेवटी स्टोनहेंज. तेही सगळ्यांसाठी बंद झाल्यावर, थेट दगडांच्या वर्तुळाच्या आत.

मी काही वर्षांच्या अंतराने दोन्ही केल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: संध्याकाळ दगडांना मानवते, गावाला नाही. तुम्ही नेमकं कशासाठी जाताय हे घरी बसूनच ठरवलंत, तर पुढचं फार सोपं आहे.

दोरीच्या आत आणि बाहेर

साध्या तिकिटावर तुम्ही दगडांभोवती आखलेल्या वाटेवरून फिरता. मध्ये गुडघ्याच्याही खालची एक दोरी असते. वाट जिथे सर्वांत जवळ येते तिथेही दगड साधारण दहा मीटरवर राहतात. फोटोला हे अंतर छान असतं, कारण चौकटीत माणसं येत नाहीत. पण दगडांचा आकार तिथून कळत नाही. पहिल्या वेळी माझ्या मनात प्रामाणिकपणे आलं होतं, 'एवढंच?'

आत गेल्यावर हा प्रश्न पडत नाही. सार्सन नावाचे जे मोठे दगड आहेत, त्यांचं सरासरी वजन 25 टन आहे. सर्वांत उंच उभा दगड 30 टनांहून जड आहे आणि त्याचा बराच भाग जमिनीत गाडलेला आहे. त्याच्या माथ्यावर एक उंचवटा कोरून ठेवलाय. आडव्या दगडाच्या पोटात तेवढाच खळगा करून तो त्यावर बसवलेला होता, सुतार चौकटीचा सांधा जुळवतो अगदी तसा. वरचा दगड पडून गेलाय म्हणून तो उंचवटा आज उघडा दिसतो. लाकडाची विद्या दगडावर चालवणारी ही माणसं साडेचार हजार वर्षांपूर्वीची होती. हे दोरीबाहेर उभं राहून वाचणं वेगळं, आणि त्याच दगडाखाली मान वर करून उभं राहणं वेगळं.

आतल्या बाजूच्या एका दगडावर कुऱ्हाडींची पाती आणि एक खंजीर कोरलेला आहे. 1953 साली उत्खननाच्या वेळी पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन यांच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. तोवर शेकडो वर्षं लोक त्याच दगडासमोरून जात होते. हे कोरीवकाम दगड उभारल्यानंतर शेकडो वर्षांनी, कांस्ययुगात कुणीतरी केलंय. भर दुपारी ते दिसणं कठीण, पण तिरप्या उन्हात खंजिराची कड हळूच सावली धरते. संध्याकाळचे जास्तीचे पैसे मला तिथे वसूल झाले.

हात मात्र लावायचा नाही. दगडांवर टेकायचं नाही, काही ठेवायचं नाही, आणि पहारेकरी याबाबतीत अजिबात गंमत करत नाहीत. गाभाऱ्यापर्यंत जायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांचा हात आपोआप पुढे जातो, म्हणून आधीच सांगून ठेवतोय. आतला वेळ जेमतेम तासाभराचा.

शांततेबद्दलही फार अपेक्षा ठेवू नका. जाहिरातीत वाऱ्याचा आवाज असतो, प्रत्यक्षात ए303 महामार्गावरचे ट्रक ऐकू येतात. हा रस्ता बोगद्यात घालायच्या योजनेला 2023 मध्ये मंजुरी मिळाली आणि 2024 मध्ये सरकारने ती खर्चामुळे गुंडाळली, तेव्हा ट्रक काही इतक्यात गप्प होणार नाहीत. दगडांच्या फटींत घरटी करणारे पक्षी मात्र संध्याकाळी परततात आणि ट्रकच्या वरताण कलकलाट करतात. तो आवाज मला आवडला.

दिवसाच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो बहुतेक जण विसरतात. दगडांपासून अडीच किलोमीटरवरचं अभ्यागत केंद्र 2013 च्या डिसेंबरमध्ये उघडलं. तिथलं प्रदर्शन, त्या काळच्या घरांच्या बांधून ठेवलेल्या पाच प्रतिकृती, सांगाड्यावरून घडवलेला साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा चेहरा, हे सगळं दिवसाच पाहायला मिळतं. संध्याकाळी केंद्र बंद. वर्तुळातले छोटे निळे दगड वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून, दोनशेहून अधिक किलोमीटरवरून आले. आणि मधोमध आडवा पडलेला तो 'वेदीचा दगड' थेट स्कॉटलंडच्या ईशान्य भागातला निघाला, हे 2024 मध्ये उघड झालं. यातलं काहीच माहीत नसताना संध्याकाळी आत गेलात, तर हातात उरतील सुंदर उजेड आणि मोठे दगड. वाचून जा, नाहीतर दिवसा जा.

सूर्यास्ताची फसगत

संध्याकाळच्या टूरच्या नावात 'सनसेट' हा शब्द असतोच असतो. त्यावर दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली म्हणजे स्टोनहेंजचा मुख्य अक्ष जूनमधल्या सूर्योदयाच्या आणि डिसेंबरमधल्या सूर्यास्ताच्या दिशेने आहे. जूनमधला सूर्य मावळतो वायव्येला, त्या अक्षाशी त्याचं काही देणंघेणं नाही. दोन उंच दगडांच्या मधून सूर्य बुडताना पाहायचा हट्ट धरून उन्हाळ्यात गेलात, तर निराश व्हाल. तो देखावा डिसेंबरचा. आणि गंमत म्हणजे डिसेंबरमध्ये तिथे सूर्य चारच्या सुमाराला मावळतो, तेव्हा साध्या तिकिटाची वेळ चालूच असते. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या दोन तास आधी असतो, तेवढं सांभाळलं की झालं. म्हणजे थंडीत खरा सूर्यास्त स्वस्त तिकिटावर, वाटेवरून दिसतो. बंद झाल्यानंतरच्या खास प्रवेशाला तेव्हा नुसता काळोख असेल.

दुसरी गोष्ट जूनची. त्या महिन्याच्या शेवटी तिथे सव्वानऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो. तुमची आत जायची वेळ सातची असेल, तर तासाभराने बाहेर पडताना सूर्य चांगला वर असणार आणि 'सनसेट' फक्त तिकिटावर राहणार. एप्रिलच्या मध्यावर सूर्य आठच्या सुमारास मावळतो, सप्टेंबरच्या मध्यावर सव्वासातच्या आसपास. माझ्या मते हे दोन महिने सर्वांत चांगले. पैसे भरण्याआधी टूरवाल्याला एकच प्रश्न विचारा: वर्तुळात आत नेमके किती वाजता सोडणार? मग त्या तारखेची सूर्यास्ताची वेळ शेजारी ठेवून बघा. मी हे केलं नव्हतं. मे अखेरीस गेलो आणि सूर्य प्रत्यक्ष मावळताना पाहिला तो परतीच्या बसच्या खिडकीतून. उजेड सुंदर होता, तक्रार नाही. पण जाहिरातीतला फोटो कुठल्या महिन्यातला आहे हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

लेकॉक की बाथ

लेकॉक म्हणजे चार रस्त्यांचं गाव. जवळजवळ सगळं गाव 1944 पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं. वरून जाणारी वीज-टेलिफोनची तार दिसत नाही, घरांवर अँटेना नाही, म्हणून ऐतिहासिक चित्रीकरणासाठी कॅमेरेवाले इथे सारखे येतात. घरं मात्र खरी आहेत आणि त्यांत भाडेकरू राहतात. खिडकीतून आत डोकावून फोटो काढणारे आमच्याही गटात होते. आतल्या बाईंनी शांतपणे पडदा ओढून घेतला.

गावातली मोलाची गोष्ट म्हणजे तिथला मठ, लेकॉक ॲबी. 1232 मध्ये सॉल्सबरीची सरदारीण एला हिने तो ख्रिस्ती जोगिणींसाठी स्थापन केला. पुढे तो एका घराण्याचा वाडा झाला, आणि त्याच वाड्यात 1835 साली विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने एका जाळीदार खिडकीचं छायाचित्र टिपलं. आज जगात टिकून असलेली ती सर्वांत जुनी निगेटिव्ह. ती खिडकी अजून तिथेच आहे. पण संध्याकाळची बस पोहोचते तोवर मठाचं आणि शेजारच्या छायाचित्रण संग्रहालयाचं दार लागलेलं असतं. छायाचित्रणाची आवड असणाऱ्याला कुंपणाबाहेरून परत आणणारी ही टूर आहे, हे लक्षात ठेवा.

मग संध्याकाळी लेकॉकमध्ये उरतं काय? रिकामे रस्ते, कलत्या उन्हात पिवळ्या-करड्या भिंती, आणि पब. जॉर्ज इन 1361 पासून चालू असल्याचं सांगतात. त्याच्या चुलाण्यापाशी एक लाकडी चाक आहे. पूर्वी त्यात कुत्रा पळवून मांसाची सळई फिरवत ठेवायचे. शाकाहारी असाल तर जेवणाचं बुकिंगच्या वेळीच सांगा. गटाचं जेवण आधी ठरवलेलं असतं आणि ऐनवेळी बहुधा बटाट्याच्या तळलेल्या कापांवर भागवावं लागतं.

बाथचं प्रकरण वेगळं आहे, ते खरोखरीचं शहर आहे. मधाच्या रंगाच्या दगडात बांधलेलं. रोमन स्नानगृहातल्या झऱ्यातून रोज सुमारे 11 लाख 70 हजार लिटर पाणी वर येतं, 46 अंश सेल्सिअसचं. त्या जुन्या कुंडात उतरायला मनाई आहे. कोमट पाण्यात डुंबायचं असेल तर जवळच 2006 मध्ये सुरू झालेलं आधुनिक स्पा आहे. रॉयल क्रेसेंटची तीस घरांची अर्धगोलाकार रांग 1767 ते 1775 या काळात उभी राहिली. तिच्यासमोरच्या हिरवळीवर बसून काहीही न करणं हा बाथमधला माझा आवडता कार्यक्रम. दिवसाच्या टूरमध्ये नेमकं तेच जमत नाही. दोन-तीन तास हातात असतात, त्यातला दीड तास स्नानगृहातच जातो, उरलेल्या वेळात माणूस पुल्टनी पुलाकडे धावतो आणि घड्याळ बघत परत पळतो.

म्हणून बाथ बघायचंच असेल तर ते स्टोनहेंजला जोडू नका. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून आगगाडी दीड तासाच्या आत पोहोचवते. त्याला वेगळा दिवस द्या. वेगळा दिवस काढता येणारच नसेल, तर मात्र दिवसाची जोडटूर घ्या. धावपळीतलं बाथसुद्धा दारं बंद असलेल्या लेकॉकपेक्षा जास्त देतं.

कुणासोबत जाताय

आई-बाबा सोबत असतील तर मी दिवसाचीच सुचवेन. संध्याकाळची बस लंडनला परतते रात्री दहा-अकराला, आणि बस सोडते तिथून हॉटेल गाठायचं ते वेगळंच. वर्तुळाच्या आत गवत असतं, पाऊस झाला असेल तर घसरडं. माळ उघडा आहे, वारा जूनमध्येही बोचतो. केंद्र बंद असल्यामुळे गरम चहा पिऊन जरा टेकावं म्हटलं तरी सोय नाही. लहान मुलं त्या वेळेपर्यंत एकतर झोपलेली असतात किंवा ज्याला हात लावायचा नाही नेमकं त्याला लावायला निघालेली असतात. दोघंच असाल, किंवा एकटेच असाल आणि दगड हेच कारण असेल, तर संध्याकाळ.

पैशांचं म्हणाल तर वर्तुळाच्या आतला प्रवेश साध्या तिकिटाच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त जातो, वर बस आणि जेवण. जागा मोजक्या असतात आणि चांगल्या महिन्यांतल्या लवकर संपतात. प्रवेश स्टोनहेंज सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडून थेटही घेता येतो. तो मिळाला तर लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून जवळच्या सॉल्सबरी शहराला आगगाडीने जाऊन मुक्काम करायचा आणि तिथून टॅक्सीने स्टोनहेंज. मला आज पुन्हा जायचं असेल तर मी हेच करेन. सॉल्सबरीच्या कॅथेड्रलचा कळस 123 मीटरचा, ब्रिटनमधला सर्वांत उंच. 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी एक तिथे आहे. आणि संध्याकाळच्या गायनप्रार्थनेला कुणीही विनाशुल्क बसू शकतं. थोडक्यात, संध्याकाळी दार उघडं ठेवणारं गाव हवं असेल तर ते लेकॉकपेक्षा इथे सापडतं.

गाडी असेल तर

टूर विकणारे सहसा ज्याचं नाव घेत नाहीत असं एक ठिकाण स्टोनहेंजच्या उत्तरेला आहे: एव्हबरी. जगातलं सर्वांत मोठं दगडी वर्तुळ, स्टोनहेंजसोबतच 1986 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेलं. वर्तुळ इतकं मोठं की अर्धं गाव त्याच्या आत आहे, पब धरून. वर्तुळात फिरायला तिकीट नाही, दोरी नाही. पैसे लागतात ते गाडी उभी करायला. दगड ओबडधोबड आहेत, एकावर एक रचलेले नाहीत, त्यामुळे तो ओळखीचा फोटो मिळत नाही. पण इथे तळहात दगडावर टेकवता येतो. ऊन गेल्यानंतरही तो बराच वेळ कोमट लागतो, आणि आजूबाजूला मेंढ्या निवांत चरत असतात. गाडी नसेल तर स्विंडनहून बस आहे, फक्त परतीची शेवटची कधी ते उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा.