प्रादेशिक विकास निधी की समन्वय निधी?
युरोपीय संघाच्या या दोन थैल्यांत नेहमी गल्लत होते. प्रादेशिक विकास निधी 1975 चा. तो प्रदेश बघतो, म्हणून श्रीमंत जर्मनीलाही मिळतो. मात्र दरडोई सकल उत्पादन (जीडीपी) संघाच्या सरासरीच्या 75 टक्क्यांखाली असलेल्या प्रदेशांना झुकतं माप. लघुउद्योग, संशोधन, डिजिटल सेवा, बरंच काही त्यात बसतं.

समन्वय निधी (Cohesion Fund) 1994 पासूनचा. तो अख्खा देश मोजतो: दरडोई राष्ट्रीय उत्पन्न सरासरीच्या 90 टक्क्यांखाली हवं. पैसा फक्त पर्यावरण आणि वाहतुकीला. सुरुवातीच्या चार लाभार्थ्यांपैकी आयर्लंड पुढे श्रीमंत होऊन बाहेर पडला. पोलंडला दोन्ही मिळतात. रेल्वे, सांडपाण्याच्या कामांसाठी समन्वय निधी सरळ. पण देशांतर्गत दरी प्रादेशिक विकास निधीलाच दिसते, म्हणून माझं मत त्याला.