घोट्यावरचे टूरिंग बूट: एक पावसाळा, एक उन्हाळा

गेल्या मे महिन्यात मोटरसायकलवर घालायला घेतलेले टूरिंग बूट वर्षभर पायात आहेत. रोज कात्रज ते हिंजवडी, आणि सुट्टीला ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरून कोकण. गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, वजन १९५ किलो. एवढी गाडी सिग्नलला उभ्या उभ्या कलंडली आणि खाली पाय सापडला, तरी घोटा पिरगळतो. म्हणून मी आधी घोटा आणि सोल पाहिले. वॉटरप्रूफ आहे का, दिसतो कसा, हे नंतर.

दुकानात बूट हातात आला की टाच एका हाताने आणि चवडा दुसऱ्या हाताने धरून ओल्या टॉवेलसारखा पिळून बघा. साधा स्पोर्ट्स शू लगेच वळतो. रायडिंगच्या बुटाने दाद देता कामा नये. मग अंगठ्याने घोट्याच्या दोन्ही बाजू दाबा. आत कडक वाटी लागली पाहिजे, आणि ती आतल्या बाजूलाही हवी. स्वस्तातल्या काही बुटांत बाहेर वाटी असते आणि आत नुसता फोम.

बुटाच्या आत ईएन १३६३४ या युरोपियन मानकाचं लेबल असेल तर त्यावर चार आकडे दिसतील, प्रत्येक १ किंवा २. पहिला उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासण्याचा, तिसरा कापलं जाण्याचा आणि चौथा आडव्या दाबाचा. चौथा २ असेल तर मी बाकीच्यांत थोडं मागेपुढे चालवून घेईन. सोबत आयपीए लिहिलं असेल तर घोट्याच्या संरक्षणाचीही चाचणी झालेली आहे.

बरेच मित्र कारखान्यातला सेफ्टी शूच वापरतात. आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा सेफ्टी शू बोटांवर २०० जूलचा आघात सोसतो, आणि वरून काही पडण्याची भीती असेल तिथे तो उत्तमच. पण गाडीवर मार बाजूने येतो आणि पाय मुरगळतो. त्यासाठी तो बनलेलाच नाही. शिवाय स्टीलच्या टोपीमुळे पुढचा भाग इतका जाड होतो की गिअर लिव्हरखाली चवडा नीट जात नाही.

पावसाळ्यात वरंध्याच्या उतारावर वाहून आलेल्या मुरमावर माझं पुढचं चाक घसरलं आणि डावा पाय गाडीखाली गेला. वेग फार नव्हता. बाहेरच्या वाटीवरचं लेदर खरवडून पांढरं पडलं, पण घोटा शाबूत राहिला आणि त्याच पायाने गिअर टाकत मी महाडपर्यंत गेलो. या एका गोष्टीसाठी मला या बुटांची पूर्ण किंमत मान्य आहे.

पाण्याच्या बाबतीत कौतुक जरा कमी करेन. आतला वॉटरप्रूफ पडदा खरोखर काम करतो, पण पँट बुटात खोचली की पाणी पोटरीवरून ओघळून थेट आत उतरतं. रेनपँट बुटावरून घेतली की पाय कोरडा. एकदा आत पाणी गेलं की मात्र तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. इनसोल काढून, रद्दी कोंबून, पंख्याखाली ठेवायचे; तरी सकाळी ओल असतेच. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, लेदर कडक होतं आणि सोलचा गोंद सुटतो. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या ट्रॅफिकमध्ये पाय अक्षरशः शिजतात, त्याला उपाय नाही. ऑफिसात चप्पल ठेवली आहे.

सुरुवातीला गिअर वर घेताना पाय अडत होता. मेकॅनिककडून लिव्हर किंचित वर करून घेतला आणि तक्रार मिटली. नवे बूट घेतल्यावर हे पहिल्याच आठवड्यात करा. मागच्या ब्रेकचा अंदाज बसायला मात्र वेळ लागला, कारण जाड सोलमधून पेडलचा दाब कमी कळतो.

बूट बंद करायला चेन (झिप) आणि वर वेल्क्रो आहे. लेसचे बूट घेणार असाल तर लेस झाकणारी पट्टी हवीच; लोंबती लेस गिअर लिव्हरला अडकली तर सिग्नलला पाय खाली टेकत नाही. चिखलाने माझी चेन घट्ट झाली होती, जुन्या टूथब्रशने घासून मेण लावल्यापासून नीट सरकते.

माप संध्याकाळी, जाड मोजे घालून बघा, कारण दिवसभरात पाय फुगतो. दुकानात नुसतं स्टुलावर बसून पाहू नका, दुकानदाराला विचारून गाडीवर बसून गिअर टाकून बघा. चवडा मोकळा हवा, टाच उचलली जाता कामा नये. डाव्या चवड्यावर गिअर लिव्हर घासतो तिथली पट्टी आता झिजत आलीय. पावसाआधी मोच्याकडून तिथे नवा रबराचा तुकडा शिवून घेणार आहे.