एलॉय, सेनुआ की अमिसिया: आधी कोणाचा गेम घ्यायचा?

नायिका खंबीर हवी आणि तिला शोभेची बाहुली केलेलं नको, असा गेम शोधायला लागलं की तीन नावं हमखास समोर येतात: 'होरायझन झीरो डॉन'ची एलॉय, 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस'ची सेनुआ आणि 'अ प्लेग टेल: इनोसन्स'ची अमिसिया. पहिले दोन गेम २०१७ चे, तिसरा २०१९ चा. तिन्ही मला मनापासून आवडतात, पण तिघींची ताकद वेगवेगळ्या जातीची आहे. त्यामुळे एकीवर जीव जडलेला माणूस दुसरीचा गेम अर्ध्यात सोडू शकतो.

आधी निकषाचं बोलू. नुसते कपडे बघून काही ठरत नाही. १९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये नायिका सेमस गेमभर चिलखतात असते. पण तासाभराच्या आत गेम संपवला की शेवटी ती बिकिनीत दिसते. म्हणजे अंगभर चिलखत असूनही तिचं शरीर हे खेळणाऱ्याचं बक्षीस. म्हणून मी दोन गोष्टी बघते: कॅमेरा कुठे रेंगाळतो, आणि आपण बटण दाबल्यावर ती नेमकं काय करते.

दुसऱ्या कसोटीवर एलॉय सगळ्यांत वर. नोरा टोळीत आईचं स्थान सर्वोच्च, आणि हिची आई कोण हेच कुणाला ठाऊक नाही. म्हणून तान्ही असतानाच ती बहिष्कृत. तिला वाढवतो तो रोस्ट, तोही टोळीबाहेरचाच. एलॉयला हवं असतं ते आपल्या जन्माचं उत्तर, आणि ते मिळवण्यासाठी ती शिकत जाते. तिचं हे शिकणं आपल्या हातांना कळतं. थंडरजॉ नावाचं डायनासोरसारखं अवाढव्य यंत्र पहिल्यांदा अंगावर येतं तेव्हा नुसते बाण सोडून भागत नाही. कानाजवळच्या फोकस नावाच्या छोट्या उपकरणाने ते तपासायचं, कुठले भाग सुटे होतात ते हेरायचं, त्याच्या पाठीवरचा डिस्क लाँचर नेमक्या बाणाने उखडून पाडायचा, लोळण घेत तिथवर पोचायचं आणि तोच लाँचर उचलून त्याच्यावर उलटवायचा. ही अक्कल आहे, नुसता जोर नाही, आणि लढाई जिंकल्यावर श्रेय तिच्या अभ्यासाचं वाटतं. अडचण एवढीच की गेम लांबलचक आहे. मुख्य कथेलाच वीस-पंचवीस तास लागतात, साइड क्वेस्ट म्हणजे बाजूची छोटी कामं केली तर कितीतरी जास्त, आणि काही संभाषणं उगाच ताणलेली आहेत. आठवड्यातून तासभर मिळत असेल, तर मागचे धागे विसरायला होतात.

सेनुआचं सगळं याच्या उलट. सात-आठ तासांत संपणारा गेम, पण ते तास जड जातात. सेनुआ स्कॉटलंडमधल्या प्राचीन पिक्ट जमातीची योद्धा. ज्याच्यावर तिचं प्रेम होतं त्या डिलियनचं शिर कमरेच्या गाठोड्यात बांधून, त्याचा आत्मा परत आणायला ती हेलहाइमकडे, म्हणजे नॉर्स पुराणातल्या मृतांच्या जगाकडे निघते. तिला सायकोसिस आहे, म्हणजे नसलेलं दिसणं-ऐकू येणं, भास होणं असा मानसिक आजार. डोक्यातले आवाज कधी तिची टर उडवतात, कधी धीर देतात. हेडफोन लावूनच खेळा, कारण आवाज कधी डाव्या कानाशी तर कधी मानेच्या मागे कुजबुजतात. स्क्रीनवर ना जीव मोजणारी पट्टी, ना नकाशा. मागून कुणी वार करायला आला की सावध करतात ते हेच आवाज. तिला छळणारी गोष्टच लढाईत तिच्या कामी येते, आणि हे कुणी सांगावं लागत नाही, खेळताना आपोआप कळतं. केंब्रिज विद्यापीठातले पॉल फ्लेचर यांच्यासारखे तज्ज्ञ आणि सायकोसिसचा अनुभव असलेली माणसं यांच्या मदतीने निंजा थिअरी या स्टुडिओने हे उभं केलं.

कॅमेरा सेनुआच्या चेहऱ्याला चिकटून असतो. निळ्या रंगाने आणि चिखलाने माखलेला चेहरा, भेदरलेले डोळे, आणि तरीही पुढे पडणारं पाऊल. ही भूमिका करणारी मेलिना युर्गेन्स त्याच स्टुडिओत व्हिडिओ एडिटर होती. याच कामासाठी तिला २०१८ चा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. अभिनयात तिघींमध्ये सेनुआच पहिली, यात मला शंका नाही. पण चिन्हं जुळवण्याची कोडी मध्येच कंटाळवाणी होतात, आणि बापाने केलेला छळ, प्रेतं, किंकाळ्या हे सगळं अंगावर येतं. गेम सुरुवातीलाच तशी सूचना देतो, ती गांभीर्याने घ्या. मनाने थकलेले असाल तेव्हा हा गेम सुरू करू नका.

अमिसियाबद्दल थोडक्यात. १३४८ चा फ्रान्स, प्लेग, उंदरांचे लोंढे, आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाताला धरलेला पाच वर्षांचा भाऊ ह्यूगो. हत्यार म्हणजे गोफण. ती गरगर फिरवायला वेळ लागतो, तिचा आवाज होतो, आणि तेवढ्यात शिपायाने गाठलं की एका घावात खेळ खलास. ह्यूगोला मागे ठेवून लांब गेलात तर तो घाबरून रडायला लागतो आणि शिपाई सावध होतात, म्हणून प्रत्येक पाऊल दोघांचं मोजून टाकायचं. पहिला माणूस हातून मरतो तेव्हा अमिसिया हादरते, आणि गेम तिला हादरू देतो. लपतछपत जाणं आवडत नसेल तर इथे वैताग येईल. आवडत असेल तर दहा-बारा तास कसे गेले कळणार नाहीत.

तेव्हा हाती निवांत वेळ असेल आणि मोठ्या जगात भटकायचं असेल, तर एलॉय. कमी वेळात खोलवर रुतणारं काही हवं असेल आणि मन स्थिर असेल, तर सेनुआ. भावाबहिणीची गोष्ट हवी आणि लढाईपेक्षा युक्ती बरी वाटते, तर अमिसिया. मला एकच निवडायला सांगाल तर मी एलॉय म्हणेन, कारण तिच्या गेममध्ये डिफिकल्टी (गेम किती कठीण ते) 'स्टोरी' या सगळ्यांत सोप्या पातळीपर्यंत खाली आणता येते, त्यामुळे नवख्यालाही ती सापडते.

'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मधली अॅबी मी मुद्दाम मुख्य तुलनेत घेतली नाही. कमावलेल्या दंडांची, कुणाला आवडण्यासाठी न घडवलेली नायिका म्हणून ती फार महत्त्वाची, पण तो गेम कमालीचा हिंसक आहे आणि तिची गोष्ट कळायला आधी पहिला भाग खेळलेला हवा.

आणि तलवार, बाण, रक्त यातलं काहीच नको असेल, तर २००७ चा 'पोर्टल' घ्या. नारिंगी जंपसूटमधली चेल एक शब्द बोलत नाही, आणि ती दिसते तीसुद्धा आपण दोन पोर्टल, म्हणजे एकमेकांत उघडणारी भिंतीतली भोकं, समोरासमोर किंवा कोनात उघडली तरच. बाकी वेळ आपण तिच्या डोळ्यांनी कोडी सोडवतो आणि ग्लाडॉस नावाच्या यंत्राच्या थापांना पुरून उरतो. तीन-चार तासांत संपतो. गोडी लागलीच तर 'पोर्टल टू'मध्ये चेलची पुढची गोष्ट आहे, शिवाय दोघांनी मिळून खेळायची स्वतंत्र कोडीही.